अर्जांतील शब्द आणि त्यामागील साक्ष

आपल्याकडे कॉलेजांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याची ओळख बहुधा त्याच्या गुणपत्रिकेवरून किंवा प्रवेश-परीक्षेच्या गुणांवरून होते. मंडळानें दिलेला आंकडा एकदां हातीं आला म्हणजे अर्जदारानें स्वतःविषयीं अधिक बोलण्याचें फारसें कारण उरत नाहीं. अमेरिकेंतील नामांकित विद्यापीठांची रीत याहून निराळी आहे. तेथें गुणांबरोबरच ‘वर्गाबाहेर तुम्हीं काय केलें?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचें उत्तर विद्यार्थी स्वतःच लिहितो. कोणी लिहितो, मीं शाळेच्या वर्तमानपत्राचें संपादन केलें. कोणी लिहितो, मीं रुग्णालयांत सेवा केली. कोणी एखाद्या स्पर्धेंतील पारितोषिकाचा उल्लेख करितो. हें उत्तर वाचणाऱ्या अधिकाऱ्यानें त्या मुलास बहुधा कधीं पाहिलेलेंहि नसतें. मग लिहिलेलें खरें कीं खोटें, हें तो ओळखतो तरी कसें? आपल्या इकडील शाळांतूनहि कांहीं विद्यार्थी तिकडे अर्ज करीत असतात. म्हणून या विषयाचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अर्जाचें स्वरूप पाहूं. पुष्कळ ठिकाणीं हा अर्ज ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नांवाच्या सामायिक नमुन्यावर भरला जातो. इ. स. १९७५ मध्यें पंधरा खासगी कॉलेजांनीं एकत्र येऊन हा नमुना सुरू केला. आज एक हजारांहून अधिक संस्था तो स्वीकारितात. त्यांत अभ्यासेतर कामांसाठीं दहा आणि बहुमानांसाठीं पांच जागा असतात. एका कामाचें वर्णन इंग्रजी १५० अक्षरांत, म्हणजे दोन-तीन ओळींत, आटोपावें लागतें. त्या कामास आठवड्यांतून किती तास आणि वर्षांतून किती आठवडे दिले, हेंहि सांगावें लागतें. शेवटीं विद्यार्थी स्वतःच्या सहीनें असें प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो कीं, वरील मजकूर खरा व माझाच आहे; आणि तो खोटा ठरल्यास मिळालेला प्रवेश रद्द होईल, विद्यापीठांतून काढलें जाईल, फार काय, मिळालेली पदवीहि परत घेतली जाईल, हें मला ठाऊक आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, प्रवेश-कचेरींत गुप्त पोलिसांसारखे लोक बसलेले असून ते प्रत्येक वाक्याचा छडा लावीत असतात. तसें नाहीं, आणि तसें होणें शक्यहि नाहीं. २०२४ सालीं प्रवेश दिलेल्या तुकडीसाठीं एकट्या हार्वर्ड कॉलेजाकडे ५४,००८ अर्ज आले होते. प्रत्येकानें दहाही जागा भरल्या असें धरलें, तर पांच लक्षांहून अधिक विधानें तपासावीं लागतील! म्हणून कचेरी निराळा मार्ग धरिते. ती प्रत्येक विधानाची परीक्षा करीत बसत नाहीं. त्या विधानामागें कोण उभा आहे, हें ती पाहते. न्यायालयांत ज्याप्रमाणें वादीच्या शब्दापेक्षां साक्षीदाराच्या शब्दाकडे अधिक लक्ष दिलें जातें, तद्वतच येथेंहि. या पद्धतीच्या चार कसोट्या आम्ही क्रमानें सांगतों.

पहिली कसोटी, कागद कोणाच्या हातून आला ही होय. विद्यार्थी आपले गुण सांगेल. परंतु त्यांचा अधिकृत उतारा शाळेनें परस्पर पाठवावयाचा असतो. वर्षाच्या मध्यास शाळा पुन्हां एक अहवाल देते, आणि शिक्षण संपल्यावर अखेरचा उतारा जातो. सॅट नांवाच्या परीक्षेचे गुण ती परीक्षा घेणारें कॉलेज बोर्ड कळवितें. हें मंडळ १९०० सालीं स्थापन झालें असून सॅट परीक्षा प्रथम १९२६ सालीं घेण्यांत आली. अलीकडे अनेक कॉलेजें अर्जाच्या वेळीं विद्यार्थ्यानें स्वतः सांगितलेले गुण चालवून घेतात, जेणेंकरून गरीब मुलांस कागद धाडण्याचा खर्च पडूं नये. परंतु प्रवेश निश्चित करण्यापूर्वीं मूळ कागद आलाच पाहिजे, आणि दोहोंत तफावत आढळली तर दिलेली जागा काढून घेतली जाते. कित्येक बहुमानांची यादीहि जाहीर असते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्यें कोणत्या देशाच्या कोणत्या विद्यार्थ्यानें कोणत्या वर्षीं किती गुण मिळविले, हें त्या स्पर्धेच्या संकेतस्थळावर कोणासहि वाचतां येतें. भारत १९८९ पासून या स्पर्धेंत भाग घेत आहे, आणि आपल्या मुंबईचें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाडच्या कार्याशीं निगडित आहे. अशा पदकाविषयीं केलेली बढाई पांच मिनिटांत उघडकीस येते.

दुसरी कसोटी साक्षीदारांची. अमेरिकन हायस्कुलांत विद्यार्थ्यांस पुढील शिक्षणाबाबत मार्ग दाखविणारा एक अधिकारी असतो; त्यास ‘कौन्सेलर’ म्हणतात. तो विद्यार्थ्याविषयीं अहवाल लिहितो, आणि शाळेचा परिचयहि सोबत जोडतो. शाळेंत किती विषय शिकविले जातात, गुण देण्याची रीत कडक कीं सैल, हें त्यावरून कळतें. याखेरीज एक-दोन शिक्षकांचीं शिफारसपत्रें असतात. १९७४ च्या एका कायद्यानें विद्यार्थ्यास आपल्याविषयींचे शैक्षणिक कागद पाहण्याचा हक्क दिला आहे. तथापि अर्ज करितांना बहुतेक विद्यार्थी शिफारसपत्रापुरता तो हक्क आपण होऊन सोडतात. हेतु हा कीं, शिक्षकानें कोणाची भीड न धरितां लिहावें, आणि वाचणाऱ्यानेंहि त्या लिहिण्यावर अधिक भरंवसा ठेवावा.

येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घ्यावी. साक्षीदार जें बोलतो त्याइतकेंच तो जें बोलत नाहीं तेंहि महत्त्वाचें असतें. विद्यार्थी म्हणतो, मीं तीन वर्षें वादविवाद-मंडळाचें नेतृत्व केलें. आणि तें मंडळ चालविणारे शिक्षक दोन पानांच्या पत्रांत त्याविषयीं एक अक्षरहि काढीत नाहींत. वाचणारा तेथें थबकतो. शंका दाट झाली तर तो शाळेस दूरध्वनि करून विचारितो. या पद्धतींतील उणीवहि सांगितली पाहिजे. एका कौन्सेलरकडे २५० हून अधिक विद्यार्थी नसावेत, अशी तेथील शालेय कौन्सेलरांच्या संघटनेची शिफारस आहे. परंतु त्या देशाची सरासरी याहून बरीच अधिक आहे. ज्या साक्षीदाराच्या हाताखालीं चारचारशें मुलें, तो प्रत्येकाविषयीं कितपत जाणणार?

तिसरी कसोटी अर्जाच्या अंतर्गत मेळाची. ही कसोटी समजण्यास अंकगणिताचें एक साधें उदाहरण पुरे आहे. एका कल्पित विद्यार्थ्यानें आठवड्याचे तास पुढीलप्रमाणें लिहिले असें समजा: रुग्णालयांत सेवा १५, शाळेचें वर्तमानपत्र १२, वाद्यवादन १४, पोहणें १८, लहान मुलांस शिकविणें १०, आणि दुकानांत नोकरी १२. बेरीज ८१. आतां आठवड्याचे एकंदर तास १६८. त्यांतून रोज आठप्रमाणें झोंपेचे ५६ वजा करा, रोज सातप्रमाणें पांच दिवसांच्या शाळेचे ३५ वजा करा. उरले ७७. म्हणजे हा मुलगा न जेवतां, न स्नान करितां, न गृहपाठ करितां राहिला, तरीहि त्यास चार तास कमीच पडतील! आतां यांतील कांहीं कामें उन्हाळ्यांतील व कांहीं हिवाळ्यांतील असूं शकतील. म्हणूनच वर्षांतील आठवडे निराळे विचारलेले असतात. अनुभवी अधिकारी अशी बेरीज मनांतल्या मनांत करितो. तसेंच निबंधांतील मुलगा, यादींतील मुलगा आणि शिक्षकांच्या पत्रांतील मुलगा हे तिघे एकच आहेत कीं नाहींत, हेंहि तो पाहतो.

चौथी कसोटी नमुना-तपासणीची. कॅलिफोर्निया विद्यापीठाचीं पदवीपूर्व शिक्षण देणारीं नऊ केंद्रें आहेत. तेथील अर्जांत विद्यार्थी आपले विषय व गुण स्वतःच लिहितो, आणि शिफारसपत्रें सामान्यतः मागविलीं जात नाहींत. साक्षीदार नाहींत, तेव्हां विद्यापीठानें दुसरी तजवीज केली आहे. आलेल्या अर्जांतून कांहीं अर्ज चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें सहज निवडून, त्या विद्यार्थ्यांस त्यांनीं लिहिलेल्या एखाद्या गोष्टीचा पुरावा मागितला जातो: पारितोषिकाचें प्रमाणपत्र, नोकरी देणाराचें पत्र, संस्थेच्या चालकाचा दाखला. उत्तर आलें नाहीं तर अर्जाचा विचारच थांबतो. सर्वांची झडती घेणें शक्य नाहीं. पण आपली झडती होऊं शकेल, हें प्रत्येकास ठाऊक असलें म्हणजे पुष्कळ काम होतें. आगगाडींत तिकिट-तपासनीस प्रत्येक डब्यांत येत नाहीं. तरीहि बहुतेक उतारू तिकिट काढतातच, त्यांतलाच हा प्रकार.

या चार कसोट्या असतांहि फसवणूक झालेली आहे. आणि कशी झाली हें पाहिलें म्हणजे पद्धतीचें मर्म अधिक स्पष्ट होतें.

१९८९ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठांत अलेक्सी सांताना नांवाचा एक विद्यार्थी दाखल झाला. आपण गुरांच्या कुरणावर राहून, शाळेंत न जातां, स्वतःच शिकलों, असें त्यानें अर्जांत लिहिलें होतें. आणि तो उत्तम धांवपटूहि होता. १९९१ सालीं त्याच्या पूर्वायुष्यांतील ओळखीच्या एका व्यक्तीनें त्यास ओळखलें. त्याचें खरें नांव जेम्स होग, वय तिशीच्या पुढें, आणि चोरीबद्दल त्यानें पूर्वीं तुरुंगवास भोगलेला. शाळाच नाहीं म्हटल्यावर शाळेची साक्ष कोणाकडे मागणार? कथा मोहक होती, आणि तिच्या मोहकतेमुळेंच साक्षीदाराची उणीव कोणास जाणवली नाहीं.

ॲडम व्हीलर याची गोष्ट याच्या उलट. त्याच्या कागदांत साक्षीदारांचीं नांवें भरपूर होतीं; परंतु कागदच बनावट होते. दुसऱ्या प्रख्यात संस्थेंत शिकत असल्याचें भासवून तो २००७ सालीं हार्वर्डमध्यें आला. २००९ सालीं ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठीं त्यानें अर्ज केला, तेव्हां त्यांतील मजकूर दुसऱ्या विद्वानाच्या लेखनांतून उचललेला आहे हें एका प्राध्यापकाच्या ध्यानीं आलें, आणि मग मागील सर्व उलगडा झाला. २०१० च्या डिसेंबरांत त्यानें न्यायालयांत गुन्हा कबूल केला.

कधीं कधीं स्वतः साक्षीदारच खोटा निघतो. लुइझियाना संस्थानांतील टी. एम. लँड्री नांवाच्या एका लहानशा खासगी शाळेंतील मुलांस मोठमोठ्या विद्यापीठांत प्रवेश मिळाल्याचीं चलच्चित्रें देशभर गाजलीं होतीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रानें असें प्रसिद्ध केलें कीं, ती शाळाच गुणांचे खोटे उतारे तयार करीत होती व मुलांच्या हालअपेष्टांच्या कल्पित कथा अर्जांत घालीत होती. यांत नुकसान कोणाचें झालें? ज्या मुलांची खरी तयारीच करून घेतली गेली नाहीं त्यांचें. आणि दारिद्र्यांतून प्रामाणिकपणें वर येणाऱ्या, परंतु आतां ज्यांच्या कथेकडे लोक संशयानें पाहतील, त्या दुसऱ्या मुलांचें.

याहून मोठें प्रकरण १२ मार्च १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १२ मार्च २०१९ रोजीं बाहेर आलें. त्या दिवशीं पन्नास लोकांवर आरोप जाहीर झाले. विल्यम सिंगर नांवाचा एक सल्लागार श्रीमंत आईबापांकडून पैसे घेऊन त्यांच्या मुलांस खेळाडू म्हणून विद्यापीठांत घुसवीत असे. अमेरिकेंत संघाच्या प्रशिक्षकानें एखाद्या खेळाडूची शिफारस केली म्हणजे तिला फार वजन असतें. सिंगरनें तें वजनच विकत घेतलें. ज्यांनीं कधीं वल्हें हातीं धरिलें नव्हतें, त्यांचीं नौकानयनाच्या व्यायाम-यंत्रावर छायाचित्रें काढण्यांत आलीं. येल विद्यापीठाच्या एका प्रशिक्षकानें एका मुलीसाठीं चार लक्ष डॉलर घेतले. या प्रकरणीं न्यायालयापुढें आलेल्या कागदांत एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. एका शाळेच्या कौन्सेलरनें, आमच्या या विद्यार्थिनी नौकानयन करितात असें आम्हांस तरी ठाऊक नाहीं, अशी शंका विद्यापीठाकडे व्यक्त केली होती. खरा साक्षीदार बोलला होता. परंतु त्याच्या शब्दावर विकत घेतलेल्या साक्षीदाराच्या शब्दानें मात केली. सिंगर यास २०२३ च्या जानेवारींत साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पुढें येल विद्यापीठानें असा नियम केला कीं, प्रशिक्षकांनीं सुचविलेल्या नांवांची छाननी क्रीडा-संचालकानें आधीं करावी, आणि निवडलेला खेळाडू संघांत आलाच नाहीं तर त्याची चौकशी व्हावी.

तपासणाराचीहि तपासणी हवी, याचें उदाहरण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत घडलें. तेथील प्रवेश-विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स यांनीं एप्रिल २००७ मध्यें राजीनामा दिला. १९७९ सालीं नोकरींत शिरतांना त्यांनीं आपल्या नांवावर ज्या पदव्या सांगितल्या होत्या, त्या त्यांस कधींच मिळालेल्या नव्हत्या. इतरांच्या अर्जांतील खरेंखोटें निवडणाऱ्या कचेरीस स्वतःच्या प्रमुखाविषयींचें खरें कळण्यास २८ वर्षें लागलीं!

या यादींत आपल्या देशाचें नांवहि आलें आहे, हें खेदानें नमूद करावें लागतें. भारतांतून गेलेला एक विद्यार्थी पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील लीहाय विद्यापीठांत शिष्यवृत्तीवर शिकत होता. त्यानें बनावट कागद तर दिलेच होते. शिवाय वडील जिवंत असतां त्यांच्या मृत्यूचा खोटा दाखलाहि सादर केला होता. आपल्या या पराक्रमाची कथा त्यानें नांव न देतां इंटरनेटवर प्रौढीनें लिहिली, आणि तिच्याच आधारें २०२४ सालीं तो पकडला गेला. त्यास विद्यापीठ सोडून मायदेशीं परतावें लागलें.

हीं उदाहरणें एका ओळींत मांडलीं म्हणजे काय दिसतें? बहुतेक ठिकाणीं खोटें बाहेर आलें तें प्रवेश-कचेरीच्या हुशारीनें नव्हे. तें कोणा जुन्या ओळखीच्या मनुष्यामुळें, वाचनांत मुरलेल्या प्राध्यापकामुळें, वृत्तपत्रामुळें, किंवा बोलणाराच्या स्वतःच्या जिभेमुळें बाहेर आलें. आणि तेंहि उशीरा, गमावण्यासारखें पुष्कळ हातीं आल्यानंतर. आरंभीं खोटें पकडलें गेलें असतें तर एक अर्ज फुकट गेला असता. नंतर पकडलें गेलें तेव्हां शिक्षण, नांव व स्वातंत्र्य हीं तिन्ही पणास लागलीं. प्रवेश-कचेरीचें जाळें विरळ आहे हें खरें. परंतु तें एकदांच टाकलें जातें असें मात्र नाहीं. मनुष्याचें सारें पुढील आयुष्य हेंच तें जाळें होय.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या बहुतेक शाळांत कौन्सेलर हा स्वतंत्र अधिकारी नसतो. तेव्हां परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्याचा अहवाल मुख्याध्यापकांस किंवा वर्गशिक्षकांस लिहावा लागतो; म्हणजेच साक्षीदाराची जबाबदारी त्यांच्यावर येते. अशा वेळीं पालकांचा आग्रह होतो, विद्यार्थ्याविषयीं माया असते, आणि ‘थोडें वाढवून लिहिलें तर बिघडलें काय?’ असा विचार मनांत डोकावतो. बिघडतें तें असें. दूरच्या कचेरीस आपल्या शाळेची दुसरी कांहीं ओळख नसते. आपण पाठविलेलें पत्र हीच तिची ओळख. दहा विद्यार्थ्यांस ‘असामान्य’ म्हणून गौरविलें आणि त्यांतील नऊ सामान्य निघाले, तर अकरावा खरोखरच असामान्य असला तरी त्याचें पत्र कोण मानणार? तो अकरावा विद्यार्थी बहुधा असा असतो कीं, ज्याच्या घरीं शिकलेलें कोणी नाहीं व ज्यास शाळेच्या शब्दावांचून दुसरा आधार नाहीं. खोट्या प्रशस्तीचें ऋण अशा मुलास फेडावें लागतें.

विद्यार्थ्यांसहि आमच्या दोन-चार व्यवहार्य सूचना आहेत. आठवीपासूनच एक साधी वही ठेवावी. कोणतें काम केलें, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्यास किती तास, आणि तें कोणाच्या देखरेखीखालीं, हें त्या त्या वेळीं लिहावें. चार वर्षांनंतर स्मरणानें लिहिलेले तास नेहमीं फुगतात. प्रमाणपत्रें एका ठिकाणीं जपून ठेवावीं. आंकडा नेमका सांगावा. ‘शेंकडों मुलांस शिकविलें’ यापेक्षां ‘दर रविवारीं सात मुलांस गणित शिकविलें’ हें वाक्य अधिक विश्वसनीय ठरतें, कारण तें पडताळून पाहतां येतें. संघांत राखीव खेळाडू असाल तर राखीव म्हणूनच लिहा. तसेंच, घरीं धाकट्या भावंडांस सांभाळलें, आजारी आजीची सेवा केली, सुटींत वडिलांच्या दुकानांत बसलों, या गोष्टी सांगण्यास संकोच वाटूं देऊं नका. सामायिक अर्जांत कौटुंबिक जबाबदारीस स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. अशा कामास प्रमाणपत्र मिळत नाहीं. म्हणून वर्गशिक्षकांस तें आधीं सांगून ठेवावें, म्हणजे त्यांची साक्ष त्यामागें उभी राहील.

सारांश, प्रवेश-कचेरीची सारी तपासणी ही माणसांनीं माणसांविषयीं दिलेल्या शब्दांवर चालते. हे शब्द नाण्यासारखे आहेत. एक खोटें नाणें चाललें तर फायदा एकाचा होतो, पण बाजारांतील प्रत्येक खरें नाणें त्या दिवसापासून दांताखालीं चावून पाहिलें जातें. आपल्या शाळेच्या सहीचें नाणें कोणीं चावून पाहूं नये, अशी स्थिति राखणें हें शिक्षक व विद्यार्थी या दोघांचेंहि काम आहे. आणि त्यास कोणत्याहि परदेशगमनाची वाट पाहण्याचें कारण नाहीं, तें उद्यांच्या हजेरीपटापासून आरंभितां येईल.